आहारतज्ज्ञ कोणास म्हणावें ?

पूर्वीं घरांतील आजाऱ्याचें पथ्य ठरविण्याचा अधिकार तिघांस असे : वैद्य, डॉक्टर आणि घरांतील वडील बाई. डॉक्टरांनीं "हलकें अन्न द्या" एवढेंच सांगावें आणि हलकें म्हणजे काय, तें किती, केव्हां व कोणत्या भांड्यांत शिजवून द्यावयाचें, याचा निर्णय माजघरांत व्हावा, अशी रीत होती. हल्लीं या तिघांच्या जोडीस एक चौथा मनुष्य आला आहे. त्यास कोणी डाएटिशियन म्हणतात, कोणी न्यूट्रिशनिस्ट म्हणतात आणि ज्यांस मराठीची चाड आहे ते आहारतज्ज्ञ म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांपैकीं एकही ज्या घरांत नाहीं असें घर आज विरळा. तेव्हां हा चौथा मनुष्य आला हें वाईट झालें, असें आमचें म्हणणें नाहीं. तो खरा असेल तर त्याचें येणें इष्टच आहे. प्रश्न एवढाच आहे कीं, तो खरा आहे हें घरच्या माणसांनीं ओळखावें कसें, आणि तो खोटा असल्यास त्यास आवरण्याची कायद्यांत कांहीं सोय आहे कीं नाहीं ? या अंकांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'तद्' आणि 'ज्ञ' मिळून तज्ज्ञ. म्हणजे तें जाणणारा. आतां जाणण्याच्याही पायऱ्या असतात. ज्वारीची भाकरी पचावयास गव्हाच्या पोळीपेक्षां बरी, असें आमच्या घरांतील मुलीही सांगतात. म्हणून त्यांस कोणी तज्ज्ञ म्हणत नाहीं. शंभर ग्रॅम नागलींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तांदुळांत त्याचा तिसावा हिस्साही नसतो, हें पुस्तकांत पाहून सांगतां येईल; एवढ्यानेंही मनुष्य तज्ज्ञ होत नाहीं. समोर बसलेल्या रोग्यास हीच नागली द्यावी कीं देऊं नये, दिल्यास किती द्यावी, त्यास चालू असलेल्या औषधांशीं तिचा कांहीं संबंध येतो काय, हें जो त्याच्या रक्तलघवीचे तपास पाहून व डॉक्टरांशीं विचारविनिमय करून ठरवूं शकतो, तोच खरा तज्ज्ञ.

हें शास्त्र आपल्या देशांत कालपरवां जन्मलें असेंही नाहीं. निलगिरींतील कुन्नूर येथें १९१८ सालीं डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं बेरीबेरी रोगाच्या शोधार्थ एक लहानशी प्रयोगशाळा उघडली. तिचीच पुढें पोषणसंशोधनशाळा झाली. तेथूनच १९३७ सालीं डॉ. एक्रॉइड यांनीं भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. ही संस्था १९५८ सालीं हैदराबादेस गेली व आज ती राष्ट्रीय पोषण संस्था या नांवानें चालते. तिनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ५२८ पदार्थांचें पृथक्करण आहे. महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा असें एक नांवही या इतिहासांत आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांनीं १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. पुढें त्यांनीं कुन्नूरच्या याच संशोधनशाळेंत काम केलें, आणि नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत नीरा व इतर गोरगरिबांच्या खाद्यांच्या पोषणगुणांचा अभ्यास केला. बेंगळूरच्या विज्ञानसंस्थेनें त्यांस त्या केवळ स्त्री आहेत म्हणून आरंभीं प्रवेश नाकारला होता. इतक्या कष्टानें जें शास्त्र उभें राहिलें, त्याचें नांव आठवड्याच्या वर्गांतून मिळालेल्या कागदावर कोणीही मिरवावें, हें आम्हांस रुचत नाहीं.

रुचण्या न रुचण्याची गोष्ट सोडून देऊं. नांवाच्या मागें जीवाची गोष्ट आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. आमच्या परिचयाच्या एका घरांतील सत्तरी ओलांडलेल्या आजींस मूत्रपिंडाचा विकार होता. धाकट्या सुनेनें मोठ्या मायेनें मोबाईलवरून एका 'पोषणतज्ज्ञा'कडून आहाराचा तक्ता मागविला. "आई, यांत सारें नैसर्गिक आहे, औषध मुळींच नाहीं," असें सांगून रोज सकाळीं शहाळ्याचें पाणी, दुपारीं केळें, रात्रीं डाळींचें कढण आणि साध्या मिठाऐवजीं 'कमी सोडियमचें' मीठ अशी योजना तिनें चालू केली. सासूबाईही "तूं देतेस तें गोडच आहे, बाई," म्हणून निमूटपणें घेत राहिल्या. निरोगी माणसास यांतील एकही पदार्थ अपायकारक नाहीं. परंतु अशक्त झालेल्या मूत्रपिंडास रक्तांतील पोटॅशियम बाहेर टाकतां येत नाहीं. शहाळें, केळें व डाळी यांत तें पुष्कळ असतें. आणि कमी सोडियमच्या मिठांत तर सोडियमच्या जागीं पोटॅशियमच घातलेलें असतें. तें रक्तांत वाढलें म्हणजे हृदयाची गति बिघडते व कधीं कधीं अकस्मात् थांबते. तीन आठवड्यांनीं आजींस हातपाय उचलवेनासे झाले, तेव्हां रक्ताचा तपास झाला आणि वेळींच उपाय झाल्यामुळें त्या वांचल्या. तक्ता देणाऱ्यानें त्यांचा एकही तपास पाहण्यास मागितला नव्हता. सुनेस आम्ही दोष देत नाहीं. तिनें तज्ज्ञाचें म्हणून जें नांव वाचलें, त्यावर विश्वास ठेवला. नांवाचा उपयोगच तो आहे.

अशींच आणखी उदाहरणें देतां येतील. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्यास औषधाचें मान न बदलतां लंघन सांगितलें, तर रक्तांतील साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडतो. रक्त पातळ राखण्यासाठीं वॉरफरिन घेणाऱ्या गृहस्थानें एकाएकीं पालेभाज्यांचा मारा सुरू केला, तर त्यांतील के जीवनसत्त्वानें औषधाचा गुण उणा होतो. यावरून एवढें दिसून येईल कीं, अन्नासारखी निरुपद्रवी वस्तुही आजाऱ्याच्या बाबतींत औषधाइतकीच जपून द्यावयाची असते.

आपल्या पूर्वजांस ही अडचण ठाऊक नव्हती असें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वैद्यांचे तीन वर्ग केले आहेत : छद्मचर, सिद्धसाधित आणि जीविताभिसर. पहिला तो, जो पेटी, पोथी आणि वनस्पति बाळगून वैद्याचें सोंग आणतो. दुसरा तो, जो यशस्वी व नामांकित लोकांशीं आपला संबंध दाखवून त्यांच्या कीर्तीवर आपली पत वाढवितो. तिसरा तेवढा खरा. अमुक नटीचें वजन आम्हीं उतरविलें, अशी जाहिरात करणारे आजचे सल्लागार पाहिले म्हणजे दुसऱ्या वर्गाचें वर्णन जुनें वाटत नाहीं. सुश्रुतानें तर व्यवसायांत शिरूं पाहणाऱ्या वैद्यास अटीच घातल्या आहेत. त्यानें शास्त्र पढलेलें असावें, त्याचा अर्थ समजून घेतलेला असावा, दुसऱ्याचें कर्म पाहिलेलें असावें, स्वतः हातानें अभ्यास केलेला असावा, शास्त्राचें विवरण करतां यावें, आणि शेवटीं राजाची अनुज्ञा मिळविलेली असावी. पाठ, अर्थ, निरीक्षण, अभ्यास, परीक्षा आणि परवाना, हा क्रम आजच्या कोणत्याही व्यवसायकायद्यांत जसाच्या तसा आढळेल.

इंग्रजी अमदानींत व नंतर एकेका व्यवसायास अशी राजानुज्ञा लागू होत गेली. मुंबई इलाख्यांत १९१२ च्या कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही झाली. १९३८ सालीं वैद्य व हकीम यांच्यासाठीं निराळा कायदा आला. १९४७ मध्यें परिचारिका, १९४८ मध्यें औषधविक्रेते व दंतवैद्य, १९४९ मध्यें सनदी लेखापाल, १९६१ मध्यें वकील. आहारशास्त्राचे पदवीधर मात्र या सर्वांच्या बाहेर राहिले. जुहूचें विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय किंवा मुंबईचेंच निर्मला निकेतन यांसारख्या संस्थांतून मुलींनीं चारपांच वर्षें अभ्यास करावा, इस्पितळांत उमेदवारी करावी, आणि बाहेर पडल्यावर पाहावें तों त्याच नांवाची पाटी लावून कोणी व्यायामशाळेचा चालक बसलेला ! भारतीय आहारशास्त्रज्ञांच्या संघानें, म्हणजे इंडियन डायटेटिक असोसिएशननें, स्वतःची परीक्षा ठेवून 'रजिस्टर्ड डाएटिशियन' हें चिन्ह देण्याचा प्रघात पाडला, आणि त्याचें महत्त्व मोठें आहे. तथापि तें संघाचें चिन्ह होतें, राज्याची अनुज्ञा नव्हती. तें ज्याच्यापाशीं नाहीं त्यानेंही साधें 'डाएटिशियन' म्हणवून घेण्यास कायद्याची आडकाठी नव्हती.

ही स्थिति २०२१ च्या मार्च महिन्यांत पालटली. संसदेनें संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा मंजूर केला. त्याच्या परिशिष्टांत व्यवसायांचे दहा वर्ग आहेत व त्यांत पोषणशास्त्राचा एक स्वतंत्र वर्ग आहे. या वर्गांत डाएटिशियन व न्यूट्रिशनिस्ट हीं दोन्ही नांवें आलीं आहेत. इस्पितळांतील आहारतज्ज्ञ, भोजनव्यवस्थेचे आहारतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्याचे पोषणतज्ज्ञ आणि खेळाडूंचे पोषणतज्ज्ञ हे सर्व त्यांत धरले आहेत. आरोग्यसेवा-व्यावसायिक म्हणविण्यास निदान ३,६०० तासांचें पदवीशिक्षण हवें, अशी अट आहे. राज्याच्या किंवा केंद्राच्या नोंदवहींत ज्याचें नांव नाहीं, त्यानें आपण नोंदलेले आहों असें भासविलें किंवा हें बिरुद लावलें, तर तो अपराध ठरतो. प्रथम अपराधास दंड व पुनः घडल्यास कारावासही होऊं शकतो.

कायदा झाला म्हणजे काम झालें असें मानण्याची आपल्या लोकांस संवय आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. नोंद करावयाची तर नोंदवही हवी, ती ठेवण्यास राज्याची परिषद हवी. १२ ऑगस्ट २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें हें प्रकरण आलें, तेव्हां कायद्यास तीन वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि अवघ्या चौदा राज्यांनीं कागदावर परिषदा नेमल्या होत्या. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानें केंद्रास व राज्यांस दोन महिन्यांची मुदत घालून दिली. त्यानंतर गाडा कांहींसा हलला. एप्रिल २०२५ मध्यें पोषण व आहारशास्त्रासह दहा व्यवसायांचे एकरूप अभ्यासक्रम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें सांगितलें कीं, या कायद्याखालीं येणारे विषय, त्यांत अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र आलेच, यापुढें दूरशिक्षणानें किंवा ऑनलाइन शिकवूं नयेत. हा निर्णय आम्हांस रास्त वाटतो. रोग्याची खाट पाहिल्यावांचून रोग्याचें ताट वाढतां येत नाहीं. मात्र दूरच्या खेड्यांतील ज्या मुलींस घर सोडून शिकणें शक्य नाहीं, त्यांची वाट यामुळें बंद झाली, हेंही नाकारून चालणार नाहीं. त्यांच्यासाठीं वसतिगृहें व शिष्यवृत्त्या यांची सोय झाली पाहिजे.

आतां या विषयांतील एका मूलभूत भेदाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. नांव राखणें निराळें आणि कर्म राखणें निराळें. वास्तुविशारदांच्या १९७२ च्या कायद्याचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२० मध्यें स्पष्ट सांगितलें कीं, नोंद नसलेल्या मनुष्यानें 'आर्किटेक्ट' हें नांव लावूं नये. परंतु इमारतीचा आराखडा काढण्याचें काम त्या कलमानें त्यास वर्ज्य होत नाहीं. ब्रिटनमध्यें 'डाएटिशियन' हें नांव कायद्यानें राखलेलें आहे, 'न्यूट्रिशनिस्ट' हें राखलेलें नाहीं. म्हणून तेथें राहणाऱ्या आपल्या मुलांनीं पाटी वाचतांना या दोन शब्दांतील अंतर ध्यानांत ठेवावें. या बाबतींत दोन्ही नांवें परिशिष्टांत घालणारा आपला कायदा अधिक व्यापक आहे.

केवळ नांव राखल्यानें फसवणूक थांबत नाहीं, कारण फसविणारा दुसरें नांव शोधतो. 'वेलनेस कोच', 'हेल्थ कोच', 'डाएट गुरु' हीं नांवें परिशिष्टांत नाहींत. उलट पक्षीं, कर्मच राखावयाचें ठरविलें तर दुसरी आपत्ति ओढवते. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलिना राज्यांत २०१२ सालीं आहारशास्त्राच्या मंडळानें एका मधुमेही गृहस्थास बजावलें कीं, स्वतःच्या अनुभवावरून तो लोकांस जो आहार सांगतो तो बिनपरवाना व्यवसाय होय. गृहस्थानें वाणीस्वातंत्र्याच्या आधारें दावा लावला आणि २०१३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो दावा चालविण्याजोगा ठरविला. असाच अर्थ आपल्याकडे लावला तर बाळंतिणीस डिंकाचे लाडू सांगणारी प्रत्येक आजी अपराधी ठरेल ! तसा अर्थ कोणी लावूं नये. आजी आपल्या सल्ल्याचे पैसे घेत नाहीं, पाटी लावीत नाहीं, आणि सल्ला चुकल्यास त्याचें फळ तिला आपल्याच घरांत भोगावें लागतें. आयुर्वेदाच्या वैद्यांचीही गोष्ट निराळी आहे. त्यांची नोंदवही स्वतंत्र आहे आणि पथ्यापथ्य हें त्यांच्या शास्त्राचें अंगच आहे. कायद्याचा रोख असावा तो पैसे घेऊन, अधिकाराचें नांव लावून, रोग्यास आहार लिहून देणाऱ्या अनधिकारी मनुष्यावर.

एक सूचना आम्ही भाषेच्या अंगानें करूं इच्छितों. परिशिष्टांतील नांवें इंग्रजी आहेत. उद्यां कोणी 'डाएटिशियन' असें न लिहितां 'आहारतज्ज्ञ' किंवा 'आहारवैद्य' अशी मराठी पाटी लावील आणि म्हणेल, "आम्हीं कायद्यांतील शब्द कोठें वापरला ?" भाषांतर केल्यानें अपराध धुऊन निघूं नये. यास्तव महाराष्ट्राच्या परिषदेनें आरंभींच मराठी नांवें ठरवून टाकावींत. डाएटिशियन म्हणजे आहारतज्ज्ञ, न्यूट्रिशनिस्ट म्हणजे पोषणतज्ज्ञ, हा रूढ संकेत पुरेसा आहे. हे दोन शब्द नोंदलेल्यांसाठीं राखावे आणि नोंदवहींतील नांव व क्रमांक पाटीवर मराठींत लिहिण्याचा नियम करावा. ज्या शब्दावर खेड्यांतील मनुष्य विश्वास ठेवतो, तो शब्द त्याच्या भाषेंत राखला गेला नाहीं, तर राखणीचा त्यास उपयोग काय ?

येथें आमच्या सुरगाण्याची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९४८ पर्यंत हें एक लहानसें संस्थान होतें. आज नाशिक जिल्ह्याचा, गुजरातच्या सरहद्दीस लागलेला, डोंगरी तालुका आहे. वस्ती मुख्यत्वें कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी बांधवांची. उतारावर नागली, वरई, खुरासणी होते. पुण्यामुंबईच्या घरांत एकादशीस जी भगर शिजते, तिची वरई अशाच डोंगरांवर पिकते. ज्या नागलीच्या बिस्किटांस शहरांत आज मोठा भाव आला आहे, ती येथें पिढ्यान्‌पिढ्या भाकरीची आहे. असें असूनही कुपोषित बालकें या भागांत आहेत. भाकरी आहे, पण तिच्याबरोबर डाळ, तेल, दूध यांची जोड नाहीं; पावसाळ्यानंतर माणसें कामास परगांवीं जातात; आईच अशक्त असते. डिसेंबर २०२२ मध्यें रस्ते, पाणी व आरोग्य यांच्या सोयी नाहींत, त्यापेक्षां आम्हांस गुजरातेंत घाला, अशी मागणी या तालुक्यांतील कांहीं गांवांनीं केली होती, हें वाचकांस स्मरत असेल.

अशा ठिकाणीं नांवाच्या राखणीचा प्रश्न निराळ्या स्वरूपांत उभा राहतो. शहरांत एका नांवावर दहा जण हक्क सांगतात. आमच्याकडे आहारतज्ज्ञाची पाटी आम्हांस तरी कोठें दिसलेली नाहीं. येथें आहाराचें काम करते ती अंगणवाडीची ताई. ती मुलाच्या दंडास फीत लावते. सहा महिने ते पांच वर्षें या वयांत दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरांहून कमी भरला, तर तें मूल तीव्र कुपोषित समजावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. अशा मुलाची भूक मेलेली असेल, अंगावर सूज असेल किंवा दुसरा कांहीं आजार असेल, तर त्यास पोषण पुनर्वसन केंद्रांत न्यावें लागतें. तेथें त्यास एकदम भरपूर दूधतूप देत नाहींत. तसें केल्यास उपासमारीनें शिणलेलें शरीर तो भार सोसूं शकत नाहीं व मूल दगावतें. प्रथम रक्तांतील साखर, अंगाची ऊब, पाणी आणि जंतुसंसर्ग यांची काळजी घेतात. १०० मिलिलिटरांत ७५ कॅलरी असलेलें पातळ दूध थोडथोडें, दिवसरात्र पाजतात. भूक परतल्यावर १०० कॅलरींचें देतात. लोहाचें औषधही आरंभीं देत नाहींत. ज्यास हें ठाऊक नाहीं, अशा एखाद्यानें 'पोषणतज्ज्ञ' म्हणून अंगणवाडीपाशीं प्रथिनाच्या चूर्णाचे डबे विकावयास ठेवले, तर तेथील अडाणी आईनें त्यास कशानें ओळखावें ? शहरांतील रोग्यास निदान दुसऱ्या डॉक्टराकडे जातां येतें. येथें दुसरा दरवाजाच नाहीं. म्हणून नांवाची राखण सुशिक्षितांपेक्षां अशिक्षितांस अधिक हवी, असें आमचें मत आहे.

परंतु नुसत्या राखणीनें त्या आईचें काम भागणार नाहीं. खोट्या तज्ज्ञास दूर ठेवलें आणि खरा पाठविला नाहीं, तर तिच्या पदरीं काय पडलें ? कायद्याच्या परिशिष्टांत सार्वजनिक आरोग्याचे पोषणतज्ज्ञ मुद्दाम लिहिले आहेत. तेव्हां प्रत्येक आदिवासी तालुक्यास नोंदलेला एक पोषणतज्ज्ञ नेमावा, त्यानें अंगणवाडीच्या ताईंस शिकवावें, कठीण मुलें स्वतः पाहावींत, आणि तेथील नागली, उडीद, खुरासणी, रानभाज्या यांतूनच ताट कसें भरतां येईल तें दाखवावें. अंगणवाडीच्या ताईस हें बिरुद नको आहे. तिला ज्ञानाचा आधार हवा आहे. ज्या घरांतील मुली आज आहारशास्त्र शिकत आहेत, त्या घरांतील वडील मंडळींनीं त्यांस दोन वर्षें अशा तालुक्यांत काम करूं द्यावें, अशी आमची विनंति आहे. मुलगी एकटी दूर कशी राहील, ही काळजी आम्ही जाणतों. परंतु आमच्या आदिवासी बांधवांच्या गांवांत मुलीबाळी जितक्या निर्धास्तपणें वावरतात, तितक्या शहरांत वावरतात असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं, नोंदवह्या पुऱ्या होऊन घरोघर त्यांचा उपयोग होईपर्यंत गृहस्थांनीं व गृहिणींनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. आहाराचा सल्ला विकत घेण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे. पदवी कोणत्या विषयांतली व कोणत्या विद्यापीठाची ? इस्पितळांत उमेदवारी कोठें व किती दिवस केली ? संघाचा किंवा परिषदेचा नोंदणीक्रमांक कोणता ? आणि चौथा, जो सर्वांत महत्त्वाचा : आमच्या रोग्याचे तपास व चालू औषधें आपण पाहणार कीं नाहीं ? चौथ्या प्रश्नास जो "त्याची जरूर नाहीं" म्हणेल, त्यापासून दूर राहावें, मग त्याच्या नांवामागें कितीही अक्षरें असोत. जो सल्ल्याबरोबर स्वतःचेंच चूर्ण विकतो, त्याविषयीं सावध असावें. मोबाईलवर आरोग्याचा उपदेश करणाऱ्यांनीं आपली पात्रता उघड सांगावी, असा केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचा ऑगस्ट २०२३ पासून दंडक आहे. ती न सांगणाऱ्याचें ऐकूं नये. आणि ज्यास मूत्रपिंडाचा, यकृताचा अथवा हृदयाचा विकार आहे, जी गर्भवती आहे, किंवा जो इन्शुलिन घेतो, त्याचें ताट आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून बदलूं नये.

घरांत कोणी खरा आहारतज्ज्ञ बोलाविलाच, तर वडील बाईस त्याच्यासमोर अवश्य बसवावें. अमक्या पदार्थांत काय आहे हें तो सांगेल. आपल्या घरांत तो पदार्थ कसा शिजतो, रोगी तो खरोखर खातो कीं ताटाखालीं सारतो, आणि उपासाच्या दिवशीं काय होतें, हें तिच्याइतकें कोणास ठाऊक नसतें. शास्त्र आणि अनुभव यांनीं एकमेकांस विचारून आजाऱ्याचें ताट वाढावें, आणि ज्याच्यापाशीं या दोहोंपैकीं एकही नाहीं, त्यास माजघराच्या उंबऱ्यावरच थांबवावें, इतकें सुचवून आम्ही वाचकांची रजा घेतों.